गुरुवारचा फोन

"दिवस माझ्या फोनला गेलेत गं, मला नाही," असं मालन एकदा म्हणाली होती, आणि नळावरच्या बायका हंडे खाली ठेवून हसल्या होत्या.

गोष्ट खरीच होती. कल्याणच्या पुढच्या त्या वाडीत मालन आशाताई. बाई गरोदर आहे असं कळलं की तिचं नाव सरकारी ॲपमध्ये चढवायचं. मग मूल वर्षाचं होईपर्यंत त्या बाईला आठवड्यातून एकदा आपोआप फोन येणार. काय खावं, तपासणी कधी, लस कुठली. पण वाडीतल्या बायकांकडे स्वतःचे फोन कुठले? घरात एक फोन, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा कळव्याला नाहीतर बाळकुमला कामावर. नंबराची जागा रिकामी सोडली तर ॲप पुढे सरकत नाही. म्हणून मालन प्रत्येकीच्या नावापुढे आपलाच नंबर टाकायची. आजूबाजूच्या सगळ्याच आशा तसं करायच्या. कुणाला तिसरा लागो की नववा, वाजायचा मालनचा फोन. तिने ऐकायचं आणि त्या त्या घरी जाऊन निरोप सांगायचा.

फोनवर एका बाईचा आवाज असे. रेकॉर्ड केलेला, पण सावकाश, मायेचा. "ताई, कशा आहात? वेळेवर जेवता ना?" मालनला असं विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. नवरा, कुंडलिक, ठाकुर्लीच्या चाळीत काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परतली तेव्हा भावाने मागची खोली दिली आणि मधल्या दाराला आतून कडी लावून घेतली. खोलीत बाबासाहेबांची तसबीर, एक खाट आणि तसबिरीखाली लोंबणारी चार्जरची वायर. सुरुवातीला ती त्या आवाजाला "जेवले" असं उत्तर द्यायची आणि मग स्वतःवरच चिडायची. पुढे पुढे चिडणं राहून गेलं. उत्तर देणं मात्र सुटलं नाही.

निशाचं घर वाडीच्या टोकाला. नवरा महेंद्र बाळकुमच्या कुठल्याशा टॉवरमध्ये वॉचमन, रविवारी येणार. तिला मुलगा झाला तो अपुऱ्या दिवसांचा. शहरातल्या दवाखान्यात काचेच्या पेटीत थोडे दिवस राहिला आणि गेला. निशाला उभं राहवत नव्हतं, म्हणून मालननेच त्याला पदरात गुंडाळून रिक्षातून वाडीत आणलं.

ॲपमध्ये 'बाळ दगावले' असं बटण आहे. ते दाबलं की कारणं समोर येतात, त्यातलं एक निवडायचं. त्या आठवड्यात मालन बटणापर्यंत गेली. कारणांकडे बघत बसली. बघता बघता स्क्रीन विझली. उद्या करू, म्हणाली.

मग गुरुवार आला. "तुमचं बाळ आता आवाजाकडे मान वळवू लागेल," फोनवरची बाई म्हणाली. मालनने चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं. पुढच्या गुरुवारी परत उद्यावर गेलं. असं होता होता मुलगा कुशीवर वळला, माणसं ओळखू लागला, त्याला दात आले. उपकेंद्रातली नर्सची जागा रिकामीच होती, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. बाकीचे निरोप कुणाकुणाच्या घरचे. या निरोपाला जायला घर नव्हतं. एवढा एकच फोन तिचा स्वतःचा होता.

आणि मग वैशाली सिस्टर आली. डोंबिवलीची, तरणी, कामाला चोख. लसीकरणाच्या गुरुवारी मालन मीटिंगसाठी कल्याणला गेलेली. सिस्टरने टॅबवर लस चुकली म्हणून लाल झालेलं नाव पाहिलं आणि लशींचा डबा घेऊन एकटीच निशाच्या दारात गेली.

दुपारी मालन परतली तेव्हा सिस्टर रस्त्यातच उभी होती.

"मालनताई, बाळाला बाहेर आणा म्हटलं, तर ती काय म्हणाली माहितीये? थांबा, उठवते म्हणाली. आत गेली ती बाहेर आलीच नाही. मग शेजारच्या गंगुबाईंनी मला सांगितलं."

"चूक माझी आहे, सिस्टर."

"मी वेड्यासारखी दारात उभी राहून टाळ्या वाजवतेय. कुठंय आमचा हिरो म्हणून." तिचा आवाज चिरकला. "आजच्या आज ते नाव बंद करा. नाहीतर मला वर कळवावं लागेल. मग तुमचं काम गेलं म्हणून समजा."

कामाचं मालनच्या डोक्यात नीट शिरलंच नाही. निशा आता आपल्याला उंबऱ्यावर उभं करील का, एवढंच तिला कळेना.

दार उघडं होतं. निशा भिजवलेले वाल सोलत बसलेली. तिने मान वर केली नाही.

"बस."

"निशा, नाव काढायचं राहिलं गं माझ्याकडून."

"राहिलं, की ठेवलंस?"

मालन उंबऱ्याशीच टेकली.

"फोन येतात त्याचे?"

"येतात. गुरुवारी, दिवेलागणीला."

"काय म्हणतात?"

"आता धरून उभा राहील म्हणाली."

निशाच्या बोटांतून वाल निसटला. "एवढ्यात? बाप तर दोन वर्षं ढुंगणावरच सरकत होता." ती हसल्यासारखी झाली. मग थांबली. "दात आले?"

"खालचे. दोन."

"कधी?"

"पावसाळ्यात."

निशाने पुढचा वाल उचलून सोलला.

"माझ्या पोराचं सगळं तू एकटीने ऐकलंस, ताई," निशा म्हणाली. आवाज चढला नाही. "एकदा पण मला हाक नाही मारलीस."

मालनने फोन काढला. ॲप उघडलं, ते बटण समोर आणलं. अंगठा वर धरला.

"थांब. आज गुरुवार ना?"

"हो."

"आजचं ऐकू दे. दाबायचं ते मी दाबते मग."

मालनने तिच्या ओल्या तळहातावर फोन ठेवला. बाहेर दिवस कलत गेला. दोघी त्या काळ्या काचेकडे बघत बसल्या. फोन वाजला. निशाने तो उलटा-सुलटा धरला, मग कानाला घट्ट लावला, आणि नवीन माणसाशी बोलताना घेतात तसा पदर सावरून घेतला.

"हॅलो," ती म्हणाली. "हां. जेवले."

मालन उठली. चपला अंधारात पायाने चाचपून सापडल्या. त्या सरकवून ती काही न बोलता बाहेर पडली.