इथं तुझं रजिस्ट्रेशन चालत नाही

"यहाँ महाराष्ट्र का रजिस्ट्रेशन नहीं चलता. सिस्टर मत कहलवाओ. आया हो तुम." मेट्रनबाईंनी भर वॉर्डात माझ्या छातीवरचा बिल्ला काढून घेतला. पेशंट बघत होते. मी मान खाली घातली.

नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून मी बनारसला आले. आमच्या वस्तीतली पहिली नर्स. नऊ वर्षं आयसीयूत काढलेली. पण मुंबईहून एनओसी यायची, मग लखनौच्या नर्सिंग कौन्सिलनं नोंद करायची. सात महिने झाले, फाइल फिरतेच आहे. तोवर या खासगी दवाखान्यात पगार आयाचा, काम नर्सचं. सलाईन मी लावायचं, सही दुसरीनं करायची. मेट्रनबाईंनी आडनाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझा चहाचा कप वेगळा झाला. तोही मी मुकाट्यानं उचलला.

एका दुपारी राजा घाटाजवळच्या एक मराठी आजी भरती झाल्या. छातीत कफ. माझी बोली ऐकून त्यांनी हात धरला. "बेटी, मला पेनिसिलिन सूट नाही करत गं. मागं एकदा सांसच बंद झाली होती."

मी धावत मेट्रनबाईंना सांगितलं. पेनिसिलिनचंच इंजेक्शन भरून त्यांच्या हातात होतं.

"अब आया दवाई बताएगी? हटो."

मी हटले.

नऊ वर्षं शिकलेलं सगळं गिळून हटले. ओरडायला हवं होतं. त्यांचं मनगट पकडायला हवं होतं. मी ट्रे धरून उभी राहिले. सुई गेली आणि काही मिनिटांतच आजींचा श्वास कोंडला.

शुद्धीवर न येताच आजी तिसऱ्या दिवशी गेल्या. कागदावर हार्ट अटॅक.

त्यांच्या मुलानं मला जिन्यात गाठलं. शाळेत मास्तर आहेत. डोळे सुजलेले. "ताई, तुम्ही तिथं होतात ना? काय झालं हो?"

मी म्हणाले, "मी आया आहे. मला काय माहीत?"

ज्या शब्दानं मला मारलं, त्याच शब्दाच्या आड मी लपले.

सुखिया जिना पुसत होती. खरीखुरी आया. ते गेल्यावर हळूच म्हणाली, "दीदी, आया तो हम हैं. हमको नहीं मालूम था. आपको तो मालूम था."

चार दिवस ड्यूटी केली, मग नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नोंदणी होऊ दे, मग बोल." तोवर मीही स्वतःला हेच सांगत होते. त्याच संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेले. त्यांनी बसा म्हटलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. आजी काय म्हणाल्या, मी कुणाला सांगितलं, मी कशी बाजूला झाले, जिन्यात खोटं कशी बोलले. मग लिहून सही करून दिलं. ते कागदाकडे बघत राहिले. माझ्याकडे नाही.

मास्तरांनी तो कागद जोडून तक्रार केली, आणि माझी नोकरी गेली. आता चौकशी लागली आहे. नोंदणी इथं कधीच होणार नाही, असा निरोप मेट्रनबाईंनी पाठवलाय. न होवो. मुंबईचीही जावो. बोलावतील तिथं मी जाईन. आधी माझा गुन्हा सांगेन. मग मेट्रनबाईंचा, नावानिशी.