केबिनच्या काचेतला निळा शर्ट

भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहाचा कप उचलून दुसरीकडे जाऊन बसणारा माणूस. त्यात माझा धंदा काचेचा – म्हणजे ऑफिसांच्या काचांना फिल्म लावणं, ब्लाइंड्स बसवणं. इकडं सीमाभागात, अनगोळमध्ये दुकान आहे. काचेत काय दिसतं, का दिसतं, उजेड कुठून आला की सावली कुठं पडते, हे आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. तेव्हा पुढचं वाचून कुणी "रिफ्लेक्शन असेल हो" म्हणणार असेल, तर ते मी आधी स्वतःलाच पुष्कळदा म्हणून झालंय.

माझी बायको सुजाता पिरनवाडीतल्या एका पतसंस्थेत आहे. गेल्या वर्षी ती ब्रँच मॅनेजर झाली आणि हॉलच्या कोपऱ्यात तिच्यासाठी काचेची केबिन उभी राहिली. काच एकदम आरपार. ती डबा खायला बसली की रांगेतल्या लोकांना भाजी कुठली ते दिसायचं. एखादी बाई घरचं काही सांगताना रडायला लागली तर अख्खा हॉल बघत राहायचा.

"अवो, कायतरी करा की त्या काचेला," ती म्हणाली. "बाजारात बसल्यागत वाटतंय मला."

तिला ब्लाइंड्स हवे होते. पाहिजे तेव्हा उघडायचे, पाहिजे तेव्हा पाडायचे. केबिनला तेच योग्य होतं... पण मी नाही म्हणालो. धूळ बसते, दोऱ्या तुटतात, असलं काहीबाही सांगितलं. खरं कारण एवढंच, की ब्लाइंड्स पाडल्यावर आत कोण बसलंय ते मला दिसलं नसतं. त्या दिवसांत माझं डोकं तसंच चालायचं. मोठमोठी माणसं तिला "म्याडम, म्याडम" करत उठून उभी राहायची, आणि मी त्याच हॉलमध्ये, खिडक्यांना फिल्म लावायला साबणाच्या पाण्याची बादली घेऊन. घरी आली की हे साहेब असं बोलले, ते साहेब तसं हसले... मी भाकरी मोडत ऐकत बसायचो.

म्हणून फ्रॉस्टेड, म्हणजे पांढरट धुरकट फिल्म लावली. गुडघ्यापासून डोक्याच्या जरा वरपर्यंत पट्टा, खाली आणि वर काच मोकळी. चेहरा दिसत नाही, पण आत माणूस आहे की नाही आणि कपड्याचा रंग कुठला, एवढं कळतं. दारावर तिचं पद वर कन्नडमध्ये आणि खाली इंग्लिशमध्ये चिकटवलं. तिलाही आवडलं.

संध्याकाळी तिला न्यायला मी जातो. आम्ही हिंडलग्याला राहतो. तिचं काम आवरेपर्यंत मी केबिनसमोरच्या सोफ्यावर बसतो. फिल्म लावून थोडेच दिवस झाले असतील... सोफ्यावर बसलो आणि बघितलं, तर आत दोघं. आपल्या खुर्चीत सुजाता, आणि समोर निळा शर्ट. टेबलावर कोपर टेकून पुढं वाकलेला. ऑफिसच्या कामाला आलेला माणूस असा बसत नाही. घरचा माणूस बसतो तसा.

बराच वेळ तो हलला नाही. शेवटी मी उठून दार उघडलं.

सुजाता एकटी. कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत होती.

"कोण आलतं?" मी विचारलं.

"कुठं कोण? झालंच हं माझं."

केबिनला दार एकच, आणि त्या दारात मी उभा. तरीही, खोटं वाटेल, पण माझ्या मनात भूत वगैरे आलंच नाही. आला तो संशय. मला वाटलं, ही काहीतरी लपवतेय. कसं लपवतेय, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही.

दोन-तीन दिवसांनी परत तेच. निळा शर्ट, तसाच वाकलेला. या वेळी मी किल्ली पडल्याचं नाटक करून खाली वाकलो. फिल्मच्या खालच्या मोकळ्या काचेतून आतली फरशी दिसते. सुजाताची चप्पल दिसली. समोरच्या खुर्चीचे नुसते पाय... माणसाचे पाय नव्हते. मान वर केली, तर फिल्ममध्ये निळा शर्ट होताच!

ऑफिसात चहापाणी बघणाऱ्या शोभाक्का शेजारून चालल्या होत्या. "आक्का, आत कोण आहे?" मी विचारलं. त्यांनी वरच्या काचेतून टाचा उंचावून बघितलं. "यारू इल्ल री," त्या म्हणाल्या. "कोन न्हाईत. म्याडमच हाईत."

मग मी सगळं तपासलं. बाहेरच्या रस्त्याचा उजेड, समोरचं पोस्टर, कुणाचं टांगलेलं जॅकेट. फिल्म एका कोपऱ्यात उचलून परत बसवली. काही सापडलं नाही. घरी माझं बोलणं तुटलं. ती काही विचारायची, मी हं-हं करायचो. नवल म्हणजे तीही गप्प होत चालली होती. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प आहे.

एका संध्याकाळी घरी येताना न राहवून मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"तो निळ्या शर्टातला कोण आहे?"

ती मागच्या सीटवरून उतरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले.

"आधी तुम्ही सांगा. ती कोण?"

"कुठली ती?"

"लई साळसूद होऊ नका. सोफ्यावर तुमच्या शेजारी बसती ती. पिवळ्या साडीतली. पार खांद्याला खांदा लावून. मला आतनं सगळं दिसतंय. मी दार उघडंस्तवर उठून जाती. माझ्याच ऑफिसात, माझ्याच समोर... काय वाटत न्हाय तुम्हाला?"

मी गाडी स्टँडवर लावली. सोफ्यावर माझ्या शेजारी कधीच कुणी बसलं नव्हतं.

"मी शोभाक्काला इचारलं," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, सर एकटेच बसत्यात. मला वाटलं, त्यास्नी तुम्ही सांगून ठिवलंय."

मग मी माझं सगळं सांगितलं – शर्ट, वाकून बसणं, फरशीवर न दिसलेले पाय. गाड्या शेजारून जात होत्या आणि आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे. इतके दिवस दोघांनीही आतल्या आत जळून काढले होते.

रविवारी ब्रँच बंद असते. किल्ली सुजाताकडे. भर दुपारी आम्ही गेलो. फिल्म काढून टाकायची म्हणून मी पातं आणि पाण्याची बाटली घेतली होती. शटर वर केलं, हॉलमधल्या ट्यूब लावल्या आणि सोफ्याजवळ थांबलो.

सुजातानं माझं मनगट धरलं. नखं रुतली.

आत निळा शर्ट बसला होता. आणि त्याच्यासमोर, सुजाताच्या खुर्चीत, पिवळी साडी. दोघांची डोकी टेबलावर इतकी जवळ आलेली, की मधे फिल्मचा पांढरेपणासुद्धा उरला नव्हता.

"आज ती दोघं काचेच्या एकाच बाजूला हाईत वो," ती कुजबुजली.

किती वेळ बघत उभे होतो ते सांगता येणार नाही. शेवटी तीच पुढं झाली आणि तिनं दार उघडलं. आत दोन रिकाम्या खुर्च्या. दार लावलं, तर फिल्मही कोरी. मी पट्टा खरवडून काढला. घाईत काचेवर एक चरा राहिला. पुढच्या आठवड्यात ब्लाइंड्स बसवले.

चौकशी केली तेव्हा कळलं, की केबिनच्या काचा नव्या नव्हत्या. निपाणीच्या जुन्या सामानवाल्याकडून आणलेल्या. मी त्याच्याकडं जाऊन आलो. "कुठल्या हापिसाच्या ते काय सांगू अण्णा?" तो म्हणाला. "हापिसं बंद पडत्यात, आम्ही काचा उचलतो. कोण बसत हुतं ते आम्ही कशाला इचारतोय?" तिथंच ते संपलं.

त्यानंतर काहीही दिसलं नाही. कारण मला आजही माहीत नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी पटेल असं वाटत नाही. एकाला एकच दिसावं, दुसऱ्याला दुसरंच, आणि दोघं एकत्र उभे राहिल्यावर दोन्ही... याचा मेळ मला लागत नाही.

परवा जेवताना सुजाता मधेच थांबली. "आता ती दोघं कुठं बसत असतील वो?"

मी ताटातली भाकरी मोडत राहिलो. मला त्यांची डोकी आठवत होती, एकमेकांना टेकलेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं तसं कधी बसलो होतो ते काही केल्या आठवेना. ज्याला पायसुद्धा नव्हते त्या माणसावर मी अजून जळतो – हे मात्र मी तिला सांगितलेलं नाही.