हिरवा ठिपका

आमच्या नगररचना ऑफिसातले एक ड्राफ्ट्समन नकाशात शेतीला हिरवा रंग भरायचे आणि वस्तीला पिवळा. हिरवा भरताना ते गुणगुणायचे. पण नागपूर वाढत होतं. वरून हुकूम आला, की हिरवा ब्लेडनं खरवडून तिथं पिवळा भरावा लागे. तेव्हा ते कोणाशी बोलत नसत.

"एवढं काहून मनाला लावून घेता जी? रंगच तर हाय," मी म्हणायचो.

"रंगच हाय," म्हणत ते भुकटी फुंकून टाकायचे.

एकदा संत्र्याच्या बागांचा अख्खा पट्टा पिवळा करताना त्यांनी मधोमध एक हिरवा ठिपका तसाच ठेवला. साहेब भडकले.

"राहू द्या ना साहेब, तिथं विहीर हाय. पाणी पेलो हावो मी तिचं."

साहेबांनी स्वतः ब्लेड घेऊन ठिपका खरवडला.

पुढे त्याच पट्ट्यात पडलेल्या लेआउटमध्ये मी घर बांधलं. निवृत्तीनंतर ते ड्राफ्ट्समन एकदा आले आणि ओट्यावर बसून चहा घेऊ लागले.

"ते विहीर कुठी हाय जी?"

मी ओट्याकडेच बोट दाखवलं. विहीर बुजवून तिच्यावरच तो बांधला होता.

ते उठले, आणि उरलेला चहा अंगणात उभ्यानंच प्यायले.