फुलवातीचा कापूस

एकदा मी दंडाला फुलवातीचा कापूस चिकटवला आणि अख्ख्या घराला सांगितलं, की मी फ्लूची सुई घेऊन आले. वाचणाऱ्याला वाटेल, बाई तेव्हा शाळेत असेल. शाळेत कसली, साठी ओलांडून बसले होते. नातवंडं होती, गुडघे कुरकुरत होते, आणि गल्लीतल्या बायका काही अडलं की माझ्याकडे सल्ला मागायला यायच्या. आत्तापेक्षा चारेक वर्षांनी तरुण होते एवढंच, आणि वयाच्या मानानं बरीच बावळट.

आम्ही वाटूरला राहतो. मुलगा रोज जालन्याला कामाला जाऊन येतो. त्या पावसाळ्यात तिकडे फ्लूचे पेशंट वाढले होते, तेव्हा त्यानं संध्याकाळी जेवताना जाहीर केलं, की फाट्यावरच्या दवाखान्यात सुई मिळते, तर दोघा म्हाताऱ्यांनी ती घेऊन टाकायची. दोघांनी म्हणायचं आपलं, खरी काळजी त्याला वडिलांची होती. आमचे हे उभी हयात सरकी काढायच्या जिनिंगमध्ये राबलेले. कापसाची तूस छातीत जाऊन जाऊन दम कायमचा लागलेला. पायऱ्या चढले की भिंतीला हात लावून उभे राहायचे आणि कुणी बघितलं तर भिंतीचा रंग तपासतोय असं दाखवायचे.

मला सुईची भीती वाटते. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं असं मी समजत होते. कोरोनाच्या वेळी सुनेचा हात इतका घट्ट धरला होता की तिची बांगडी पिचली, तरी मी समजत होते. सून मला आत्याबाई म्हणते. ती म्हणाली, "आत्याबाई, मी येते संगं."

"कशाला? मी काय लहान लेकरू हाये का?"

"न्हाई, बांगड्या नव्या भरल्यात मी. काढून ठेवते आधी."

झालं, एवढ्या टोमण्यावर मी एकटी निघाले. हे शेतात होते, ते संध्याकाळी जाणार होते. दवाखान्यात बाकावर बसले. आतून एक लेकरू भोकांड पसरून बाहेर आलं आणि मी बाकाच्या दाराकडच्या टोकाला सरकले. माझा नंबर पुकारला तेव्हा मी कंपाउंडरला म्हणाले, "बाबा, गॅसवर बेसन ठेवून आले मी, जळून जाईल." आणि जी निघाले ती सरळ घर. रस्त्यानं मनाला समजावत होते, की महालक्ष्म्या तोंडावर आल्यात, सुईनं ताप आला तर स्वयंपाक कोण करणार. महालक्ष्म्यांना अजून पंधरवडा होता आणि ताप आला असता तर दीड दिवसाचा. नातवाला विचारलं असतं तरी त्यानं हिशेब करून दिला असता.

घरी आले ती देवघरात. डब्यातला चिमूटभर कापूस घेतला, नातवाच्या दप्तरातली चिकटपट्टी घेतली आणि दंड सजवला. मग बाहेर येऊन कण्हायला लागले.

कण्हण्याचा फायदा असा झाला, की महालक्ष्म्यांची पितळेची भांडी त्या वर्षी मला घासावी लागली नाहीत. समया, ताम्हणं, घंगाळ, सगळं सुनेनं चिंच लावून घासलं आणि मी खुर्चीत बसून डाग दाखवत होते. मधेच ती म्हणाली, "आत्याबाई, सकाळी तुम्ही डावा हात धरून बसल्त्या. आता उजवा धरलाय."

"दुखणं फिरतं कधीकधी."

"मंग सांभाळा. फिरत फिरत जिभेवर यायचं."

ती हसली, मीही मनात हसले. हे शेतातून आले, हातपाय धुऊन बाजेवर बसले आणि म्हणाले, "बघू, कुठं टोचलं?" मी ब्लाउजची बाही वर केली. यांनी माझा दंड हातात घेऊन बराच वेळ बघितला, मग बाही हळूच खाली केली.

"लई दुखतंय का?"

"लई. रात्रभर झोप लागायची न्हाई."

"मंग मी नंतर जाईन," हे म्हणाले आणि चहा मागितला.

मला आत कुठेतरी बरंच वाटलं. आपल्या नाटकाला एवढा मोठा माणूस घाबरला याची गंमत वाटली. मुलानं दोनदा आठवण केली, तेव्हा हे सोयाबीनची फवारणी, पाहुणे, पाऊस, काही ना काही सांगत राहिले. मीही मधे पडले नाही. पडले असते तर स्वतःच्या दंडाचं काय सांगणार होते?

महालक्ष्म्या आल्या, जेवल्या. हळदीकुंकवाला गल्ली लोटली. एक बाई पदरात शिंकत आली आणि शिंकतच ओटी घेऊन गेली. सणाला आलेल्या सवाशिणीला परत जा म्हणायची पद्धत आमच्यात नाही, तिला मी जवळ बसवून घेतलं, वर पुरणाचा घास भरवला. दोन-तीन दिवसांनी मी अंथरूण धरलं.

फ्लू म्हणजे सर्दी-पडसं, असं मी तोवर लोकांना सांगत आले होते. त्या आठवड्यात मला कळलं, की केसांची मुळंसुद्धा दुखू शकतात. चहा कडू लागत होता, पांघरूण टोचत होतं, आणि छतावरचा पंखा बंद असून फिरताना दिसत होता. सून खोलीत यायला लागली की हे तिला दारातूनच परत लावायचे. "तू लेकराबाळाची हायेस, इकडं येऊ नको. मी हाये ना." कपाळावर ओलं फडकं ठेवायचं, ते गरम झालं की उलटं करायचं, हे काम यांनी घेतलं. काढा केला तर त्यात मिरे इतके टाकले, की माझ्या डोळ्यांतून धार लागली. मी म्हणाले, "मारायचं ठरवलंय का मला?" तर म्हणाले, "जल्दी उठ मंग. सुनंच्या हातचं खाऊन कंटाळा आला."

मी उठले. ज्या दिवशी मी चुलीपुढे उभी राहिले, त्याच दिवशी यांना थंडी वाजून आली.

यांचं दुखणं माझ्यासारखं वरवर फिरलं नाही, ते सरळ छातीत उतरलं. बोलताना वाक्य अर्ध्यावर तुटायला लागलं, तेव्हा मुलानं गाडी केली आणि आम्ही जालन्याला नेलं. नाकावर ऑक्सिजन लावून यांना निजवलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी विचारलं, "घरात फ्लूची लस घेतलीय का कुणी?"

मुलगा म्हणाला, "आईनं घेतली होती. अप्पा राहिले."

मी तिथेच उभी होते. पदर तोंडाला लावलेला होता, तो तसाच राहू दिला. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणूनच आजी तुम्ही लवकर सावरलात."

मुलानं बाहेर आल्यावर विचारलं, की अप्पांनी घेतली असती तर? डॉक्टर म्हणाले, की सुई घेऊनही ताप येऊ शकतो, तसं छातीठोक कुणालाच सांगता येत नाही. पण अशा छातीला आधार झाला असता. आधार हा शब्द मी घरी घेऊन आले. तो अजून आहे.

यांना घरी आणलं. घरी आणलं म्हणजे बरे झाले असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. पण बाजेपासून ओसरीपर्यंत यायला मधे खुर्ची ठेवावी लागायची, आणि आता हे भिंतीचा रंग तपासायचं नाटकही करत नव्हते. शेतात ज्वारी निसवून कणसं बाहेर पडायला लागली होती, हुरड्याला सगळ्यांना बोलवायचं असं हे म्हणत होते. हुरड्याच्या आधीच गेले. त्या वर्षी आम्ही हुरडा भाजायची आगटी पेटवली नाही. ज्वारीची कणसं वाळून कडक झाली, मग खुडली.

आता मी दर पावसाळ्यात सुई घेते. सून सोबत येते, बांगड्या काढून ठेवते आणि हात पुढे करते. अजूनही भीती वाटतेच, डोळे मिटूनच घेते. दंड जरासा जड होतो, दुसऱ्या दिवशी विसरायलाही होतं. दवाखान्यातली पोरगी कापूस लावून देते. तो घरी येईपर्यंत मी काढत नाही. मुलाला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. हे छापून आलं की तो वाचेल.

यांना मात्र सांगितलं होतं. दिवाळी जवळ आली होती. हे बाजेवर उशाला टेकून बसले होते आणि मी खाली बसून वाती वळत होते. आमच्याच शेतातला कापूस, सरकी हातानं काढलेला. देवघरातला तोच डबा पुढ्यात होता. मग एकदम सगळं बोलून टाकलं. सुई घेतलीच नव्हती, बेसन जळायचं खोटं होतं, कण्हणं खोटं होतं, आणि त्या कण्हण्याला भिऊन तुम्ही गेला नाहीत, म्हणून हे असं झालं. यांना मधेच खोकल्याची उबळ आली, ती जाऊ दिली. मग खाली वाकून माझ्या मांडीवरचा कापूस चिमटीत घेतला, बोटांवर पिंजून बघितला आणि म्हणाले,

"अगं, माझी जिंदगी रुईत गेली. दवाखान्याचा कापूस कोणता अन् आपल्या घरचा कोणता, हे मला वळखू येत न्हाई का? त्याच दिवशी कळल्तं मला. पण मी सुई घेऊन आलो असतो अन् मला काईच दुखलं नसतं, तर सुनंसमोर तुझं हसं झालं असतं. म्हणलं, महालक्ष्म्या होऊन जाऊ दे, मंग जाऊ दोघं."