चिंचेखाली बसायला बंदी

सोमवारी सर वारले. ते माझ्या मुलीच्या शाळेत इतिहास शिकवत. कराडच्या एसटीत आमची रोज गाठ पडे. बोलताना प्रत्येक वाक्यामागे ते "पटतंय का?" असं विचारायचे आणि उत्तरासाठी खरोखर थांबायचे.

इंग्रजांच्या जंगल कायद्याचा धडा आला, तेव्हा त्यांनी फळ्यावर एवढंच लिहिलं: शाळेच्या अंगणातलं चिंचेचं झाड सरकारचं, त्याखाली डबा खायला बंदी. मुलं उन्हात जेवू लागली. एके दिवशी माझी मुलगी चिंचेखाली जाऊन बसली. आई गेल्यापासून ती वर्गात एक शब्दही बोलली नव्हती.

"ऊठ. कायदा हाय," सर म्हणाले.

"न्हाई उठत. आमाला इचारून केला का?"

सगळा वर्ग तिच्याभोवती येऊन बसला. सरही आपला डबा घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"रानात गुरं चारली म्हणून आपल्या माणसांना तुरुंगात घातलं. ती माणसं बंडाला का उठली, ते आता मी काय सांगू? घे, चटणी घे."

हे सगळं तिनं घरी येऊन मला न थांबता सांगितलं. मी भाकरी करायचं विसरून ऐकत राहिलो.

सर आता नाहीत. मुलगी बोलते.