आधी विचारा म्हणणारे धर्माजीभाऊ

धर्माजीभाऊ तामोरे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि या गौरव अंकात लिहिण्याचा मान समितीने मला दिला, याबद्दल मी आभारी आहे. भाऊ आमच्या कामगार संघटनेचे अध्यक्ष, मी चिटणीस. सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला त्यांचा हेवा वाटतो. आजही वाटतो. ज्यांना निव्वळ स्तुती वाचायची असेल त्यांनी पुढच्या लेखाकडे वळावे.

आमची पहिली भेट बोईसरची. मुंबईबाहेर जाणाऱ्या कारखानदारांना सरकार स्वस्तात जमीन आणि विजेत सवलत देऊ लागले, तेव्हा आमच्या मालकांनी, शेटजींनी, पत्र्याचे डबे करण्याचा कारखाना इथे आणला. मी हजेरीनवीस म्हणून लागलो. एकदा जेवणाच्या सुट्टीत संघटना का हवी यावर माझे भाषण चालले होते आणि चांगले रंगले होते. इतक्यात शिरगावचे हे उंचेपुरे गृहस्थ मागे येऊन बसले आणि शेजारच्याला म्हणाले, "तुजी आय कशी हाय आता?" भाऊंच्या दृष्टीने ते कुजबुजणे होते, पण समुद्रावर हाका मारलेला तो गळा. सगळी सभा त्या आईच्या दुखण्याकडे वळली आणि माझे भाषण तिथेच आटोपले. पुढे संघटनेची निवडणूक झाली तेव्हा अध्यक्ष कोण झाले, हे वेगळे सांगायला नको.

भाऊ पूर्वी मच्छीमार होडीचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. त्यांच्या वाडीची रीत अशी, की होडी विकायची किंवा दुसऱ्या बंदराला न्यायची झाली, तर सगळ्या खलाशांना तिच्याभोवती वाळूत बसवायचे आणि एकेकाला नावाने विचारायचे. शेवटचा माणूस बोलेपर्यंत दोराला कोणी हात लावायचा नाही. ही रीत भाऊंनी संघटनेत आणली. चहाची वेळ बदलायची तरी विचारणे आलेच. मी वैतागायचो. माझे ठराव लोक जांभया देत मंजूर करायचे आणि भाऊंनी विचारले की कधी न बोलणारेही बोलायचे. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या.

मागल्या साली सवलतींची मुदत संपली. गुजरातच्या हद्दीत नव्या सवलती मिळत होत्या. कारखाना तिकडे हलवायला शेटजींनी कोणाला न सांगता ट्रक मागवले. इथल्या सवलती वाढवाव्यात म्हणून मी आधीच मुंबईच्या कचेऱ्यांत अर्ज देऊन आलो होतो. अर्ज फार सुरेख होते, उत्तर मात्र आले नाही. पत्रा दाबून डबे करणारा मोठा प्रेस पायावरून उतरवून दोरांनी ओढायचा होता आणि ते काम आमच्याच माणसांना येत होते. भाऊ प्रेसपाशी जमिनीवर बसले. त्यांच्यामागे सगळे बसले.

"शेट, तुमी कोनाला इचारलंत?" भाऊंनी विचारले.

"मशीन माझं आहे, धर्माजी."

"मशीन तुमचा. पन जमीन सस्तात मिलाली ती आमच्या कामाच्या नावावर. आमी नाय म्हनत नाय. आदी एकेकाला इचारा, मंग वडतो."

ट्रकवाले भाडे वाढेल म्हणून ओरडू लागले, तेव्हा शेटजी पालथ्या खोक्यावर बसले आणि विचारू लागले. त्यांना नावेच येत नव्हती. ती मी त्यांच्या कानात सांगत होतो. एवढ्या मोठ्या प्रसंगात माझ्या वाट्याला आलेली कामगिरी ती एवढीच. डोंगराकडून कामाला येणाऱ्या जानीबाई म्हणाल्या, "माजी शेती पावसावर, घरात सासू आंदली. मी तिकडं कशी येव, तुमीच सांगा." हळूहळू ठरत गेले. जे जातील त्यांना तिकडे तोच पगार आणि राहायला खोली, जे जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी लहान प्रेस इथेच राहतील आणि झाकणे होतील. शेवटचे नाव झाले. माणसे दोराकडे निघाली.

"थांबा," भाऊ म्हणाले, "चिटणीसला कोनी इचारलं काय?"

कोणी विचारले नव्हते. दुसऱ्यांची नावे सांगण्याच्या नादात मीही माझे नाव घेतले नव्हते. पालघरला माझी आई अंथरुणाला खिळलेली. मला जाता येणार नाही, एवढेच मी म्हणालो. ती आईची गोष्ट भाऊंना ठाऊक होती, कारण तिची चौकशीही ते दर रविवारी करायचे. आज मी इथल्या शेडमध्ये हजेरी घेतो, ती त्यांनी विचारले म्हणून. ज्याच्यावर जळायचे त्याच माणसाने आपल्याला तारावे, याचा राग कुठे काढायचा?

दीर्घायुष्य चिंतून लेख संपवायचा असतो. पण न विचारता कसे चिंतायचे? मी विचारायला गेलो. भाऊ जाळे विणत होते. म्हणाले, "मी एकला काय बोलू? सगल्यांना इचार."

म्हणून विचारतो. धर्माजीभाऊंनी धडधाकट प्रकृतीने शंभरी पाहावी, हे आपणा सर्वांना मान्य आहे ना? पहिला हात माझा मोजावा. निदान इथे तरी मला कोणाच्या मागे राहायचे नाही.