निळं जॅकेट नको म्हणताना

वडपे गावच्या गोडाउनमध्ये मी आणि आई एकाच शिफ्टला होतो. आई पॅकिंगच्या टेबलावर, मी परत आलेला माल तपासायला. आमच्या घरात कॉलेजचं शिकणारी मी पहिली, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष बाहेरून करत होते. त्यामुळेच असेल, मॅनेजरनी एकदा केबिनमध्ये बोलावून विचारलं, "पॅकिंगची लीडर होतेस? की स्टॉकमध्ये जातेस, कॉम्प्युटरवर? तिथे पगार आत्ताचाच, पदही हेच. शनिवारपर्यंत सांग."

लीडरला निळं जॅकेट, आम्हा बाकीच्यांना नारिंगी. शिफ्ट सुटल्यावर बायका जॅकेट घालूनच टेम्पोत बसतात, त्यामुळे कोण वर चढलं ते गावाला नाक्यावरच कळतं. मी काही ठरवायच्या आत आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

"आता आमच्यावर ओरडशील काय गं बाय?" टेम्पोत आईच्या टेबलावरच्या मावशींनी विचारलं.

"ओरडू दे की. माझीच पोर हाय," आई म्हणाली. "तुझ्यावर जास्त ओरडायला सांगते."

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. लीडरला एक काम रोज करावं लागतं. शिफ्ट संपताना सगळ्यांना उभं करून, सर्वांत कमी पार्सलं बांधणाऱ्या तिघींची नावं मोठ्याने वाचायची. गेल्या वर्षापासून आईची बोटं आखडतात. चिकटपट्टीचं टोक तिला पटकन सुटत नाही. आठवड्यातून दोनदा तरी तिचं नाव असायचंच.

शुक्रवारी ती भाकऱ्या थापत असताना मी म्हटलं, "मी स्टॉकला जाईन म्हणते. तिथे शिकायला मिळेल. उद्या दुसरीकडे नोकरी बघायची झाली तर ते उपयोगी पडेल."

हे खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं.

"म्हंजे नारिंगीच," आई म्हणाली. मग तव्याकडे बघतच तिने विचारलं, "माझं नाव वाचायला लागंल म्हणून ना?"

मी पाण्याचा हंडा उचलून बाहेर गेले. भरलेलाच होता तो.

शनिवारी मी स्टॉक घेतलं. लीडर म्हणून माझ्याहून लहान, वळ गावची एक मुलगी आली. कामाला चोख. पुढच्याच आठवड्यात मी पलीकडच्या रॅकवर खोकी मोजत असताना तिचा आवाज ऐकू आला. पहिलंच नाव आईचं होतं. माझी मोजणी चुकली. मी खालच्या कप्प्यापासून पुन्हा सुरुवात केली.

टेम्पोतून उतरून घराकडे चालताना आई म्हणाली, "त्या पोरीचा काय दोष न्हाय. तिचं कामच हाय ते." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "तू असतीस तर जरा हळू वाचलं असतंस."

मी "हो" म्हणाले. हळू वाचलं असतं, की गाळलंच असतं, की घरच्या माणसाची बाजू घेते असं कुणी म्हणू नये म्हणून उलट जास्तच मोठ्याने वाचलं असतं, हे मला अजूनही सांगता येत नाही.